गाळून सांगितलेलं

तात्यारावने तारेच्या टोकाचा बोळा पेटवला आणि तार बायकोच्या हातात दिली. भागाबाईने तो इंजिनाच्या हवेच्या तोंडाशी धरला. घासलेटात भिजवलेल्या चिंधीचा काळा धूर आत ओढला जायला हवा होता. तो वरच आला आणि तिच्या नाकातोंडात शिरला. तिने मान वळवली, पण तार हलू दिली नाही.

पौष लागला होता. राजेश्वर गावाच्या शिवारात उघड्या माळावरून वारा येत होता आणि लोखंडाला हात लावला की कातडी चिकटल्यासारखी वाटत होती. तात्यारावने तळहात एकमेकांवर घासले आणि कळ वर करून हँडल फिरवायला घेतले. मोठे चाक कुरकुरत फिरू लागले. वेग आला असे वाटल्यावर त्याने कळ सोडली. धप्प. धप्प. नळीतून पांढरा धूर निघाला आणि चाक थांबले.

"घेतलं हुतं," भागाबाई म्हणाली.

"घेतलं हुतं तर बंद कामून झालं?"

विहिरीच्या कठड्यावर घोंगडी पांघरून तिप्पण्णा बसला होता. बौद्धवाड्यातल्या दोन घरांना लागून लागून जमीन मिळालेली होती. विहीर दोघांची आणि इंजिनही दोघांचे. तिप्पण्णा मूळचा हुमनाबादकडचा, कानडी, सासुरवाडीला येऊन इथलाच झालेला. एक दिवस पाणी त्याचे, एक दिवस तात्यारावचे. विहिरीला झरा बारीक होता. रात्रभर जे साचेल तेवढेच सकाळी उपसायला मिळायचे. म्हणून दोघांत ठरले होते की कठड्यावर ऊन यायच्या आत ज्याच्याकडून इंजिन सुरू होणार नाही, त्याने त्या दिवसाचे पाणी दुसऱ्याला सोडायचे. हा नियम तात्यारावनेच सुचवला होता. तेव्हा दिवस गरमीचे होते आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू व्हायचे.

"तात्या, ऊन आलं बघ," तिप्पण्णा म्हणाला.

"दिसतंय मला."

"दिसतंय तर सोड की. साकु बिडप्पा," तो कानडीत म्हणाला, "बास कर, सोड आता. आज बी पाणी माझं."

तात्याराव हँडल हातात धरून उभा राहिला. त्याच्या गव्हाला ओंबी धरायची वेळ आली होती आणि गेल्या पाळीलाही हेच झाले होते. तिप्पण्णाच्या रानात हरभरा होता. त्याला पाणी मिळाले तरी चालायचे, नाही मिळाले तरी चालायचे. शिवाय त्याची दोन पोरे बैलासारखी होती. दोघांनी मिळून हँडल ओढले की इंजिनाची काय बिशाद.

"पोरं कुठायत?" तात्यारावने विचारले.

"बाजाराला गेलीत. तूच हात लाव जरा. माझ्या खांद्यात चमक भरलीय."

इंजिनावर आता ऊन पडले होते. तात्यारावने तिप्पण्णासाठी हँडल मारले. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झाले. तिप्पण्णाने टोमणा मारला नाही, एवढे त्याने केले. पाणी तात्यारावच्या गव्हाच्या कडेने पाटातून खळखळत हरभऱ्याकडे गेले. भागाबाईने बोळा मातीत विझवला आणि तार बाभळीच्या फांदीला अडकवली.

त्याच आठवड्यात तात्यारावचा धाकटा भाऊ नरसिंग सुटीवर घरी आला.

तो धरणाच्या कामावर डोझरवर हेल्पर होता. भागाबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो शेंबडा होता. सासू गेल्यावर तिनेच त्याला न्हाऊ-खाऊ घातले. आता तो दारात उभा राहिला तर चौकट भरत होती.

"जयभीम वैनी."

"जयभीम. वाळलास रे."

"धुळीनं वाळलोय. जेवण बरं हाय तिथलं."

तात्याराव ओसरीवर खुरप्याची मूठ बसवत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. मागच्या उन्हाळ्यापासून दोघे भाऊ बोलत नव्हते. नरसिंग पहिल्यांदा कामावरून घरी आला, तेव्हा गोठ्यातले दोन्ही खुंटे रिकामे होते. "चित्र्या कुठाय?" त्याने विचारले. चित्र्याला वासरू असल्यापासून त्याने वाढवले होते. तात्याराव म्हणाला, "बैलं दिली. इंजनात भागी घेतली." नरसिंगने चित्र्याचा खुंटा हलवून पाहिला. मग म्हणाला, "मला इचारायचं तरी." तात्याराव म्हणाला, "तू हुतास का इचारायला?" भांडण एवढेच झाले. त्यानंतर बोलणे नाही.

पण एका घरात बोलल्याशिवाय चालत नाही. म्हणून दोघे भागाबाईमार्फत बोलू लागले. रात्री जेवताना दोघे हातभर अंतरावर बसायचे आणि मधे ती.

"वैनी, सांगा त्याला, गव्हाची पानं पिवळी पडायलीत. आंधळ्याला बी दिसंल."

भागाबाई ताटात भाकरी वाढत म्हणाली, "आयकलं का? गव्हाला पाणी कमी पडायलंय म्हणतो."

"त्याला सांग, धरणावर बसून गहू पिकत न्हाई."

"बघतेत म्हणे ते, नरसू."

सगळे सगळ्यांना ऐकू जात होते. तरी ती सांगायची आणि तिचे सांगणेच खरे धरले जायचे. पीठ चाळून कोंडा बाजूला काढावा तसा ती बोलण्यातला टोमणा काढून टाकायची आणि कामाचे तेवढे पुढे द्यायची. भाऊ समोरासमोर नसले तर आणखी सोपे व्हायचे. या कामात ती इतकी तयार झाली होती की वाड्यातल्या बायका म्हणायच्या, "भागाबाई, तुला तहसीलदारानं ठेवून घ्यायला पायजे."

इंजिनाचे ऐकल्यावर नरसिंगने पिशवीतून चादरीत गुंडाळलेला एक पत्र्याचा डबा काढला. वर दाबायची कळ होती. डबा जुना होता आणि त्यावरची अक्षरे पुसट झाली होती. धरणावर थंडीत डोझर सुरू करायला असलाच डबा वापरत.

"वैनी, सांगा त्याला, परवा पाळीला म्या येतो म्हणून."

"परवा तो येतोय म्हणे," भागाबाईने सांगितले.

"येऊ दे," तात्याराव म्हणाला. तो खूष झाला होता, हे तिला त्याच्या पाठीवरून कळले.

पाळीच्या दिवशी झाडांची टोके अजून काळी होती तेव्हा तिघे विहिरीवर पोचले. तिप्पण्णा आणि त्याची पोरे कठड्यावर येऊन बसली होती. भागाबाईने सवयीने बाभळीवरची तार काढली. नरसिंगने ती तिच्या हातातून घेतली आणि लांब नेऊन पुन्हा फांदीला लावली.

"आज ह्याचं काम न्हाई. सांगा त्याला, हँडल धर म्हणावं."

तात्यारावने हँडल धरले. नरसिंगने हातभर अंतरावरून, मान बाजूला करून हवेच्या तोंडात डबा धरला आणि बोटाने दाबले. फुस्. डोके हलके करणारा गोडसर वास पसरला. तात्यारावने चाक फिरवले, कळ सोडली, आणि इंजिन एकदम ठणकले, जणू आतून कोणी घाव घातला. मग ते सुरू झाले आणि चालतच राहिले.

तिप्पण्णा उठून जवळ आला. "काय पाजलास रे त्याला? दारू?"

"पाजली न्हाई मामा. नुस्ता वास दिला. दवाखान्यात कापाकापीच्या आधी हुंगवतेत बघा, तसली दवा हाय ही."

"मग इंजन झोपायला पायजे की! हे तर उठून बसलं."

पोरे हसली. तात्यारावही हसला, आणि नरसिंगकडे पाहता पाहता थांबून त्याने पाण्याच्या नळीवर तळहात ठेवला. नळी थरथरत होती. पाणी वर आले आणि त्याने हात धुतले.

"वैनी, सांगा त्याला," नरसिंग इंजिनाच्या आवाजावर ओरडून म्हणाला. "वास द्यायचा, पाजायचं न्हाई. जास्ती झालं की आत घण पडतेत. पिस्टन फुटतो."

तात्यारावने मान हलवली. ती सांगायच्या आधीच हलवली, हे तिच्या लक्षात आले आणि तिला वाटले की आता फार दिवस नाहीत. आणखी एखादी पाळी अशी गेली की दोघे बोलतील.

तसे व्हायच्या आधीच सुटी संपली.

निघायच्या दिवशी दुपारी तात्याराव मागच्या बाजूला काट्या तोडत होता. कुऱ्हाडीचा आवाज घरात येत होता. नरसिंगने पायात चपला सरकवल्या, पिशवी खांद्याला लावली आणि तरी दारातच उभा राहिला. हमरस्त्यावर जाऊन त्याला मिळेल तो ट्रक धरायचा होता.

"जाताना एक शब्द बोल की त्याच्याशी," भागाबाई म्हणाली. "थोरला हाय."

"थोरला हाय म्हणूनच त्यानं आधी बोलावं." त्याने कुऱ्हाडीच्या आवाजाकडे कान दिला आणि त्याचा चेहरा बदलला. "वैनी, डबा ठेवून जायलोय. उनात ठेवू नका, चुलीपाशी ठेवू नका. एकदा फुस् केलं की बास. न्हाई घेतलं तर थांबायचं, लगी लगी मारायचं न्हाई."

"सांगते."

"आन् त्याला सांगा, बोळ्याचा नाद सोड म्हणावं. जित्ती बैलं इकली आन् म्हातारीपुढं शेगडी धरल्यावानी बोळे जाळत बसलाय. चित्र्याला कधी बोळा दाखवावा लागला न्हाई. माझी दवा आन् त्याचा बोळा, दोन्ही एका जागी ऱ्हायचं न्हाई. असंच सांगा. हेच शब्द सांगा."

त्याचा आवाज चढला होता. भागाबाईने मागच्या दाराकडे पाहिले. कुऱ्हाड चालूच होती.

"बरं, सांगते. तू जा आता. उनं कलली."

तो गेला. ती तिथेच उंबऱ्यापाशी टेकली. 'एका जागी ऱ्हायचं न्हाई' एवढे तिच्या कानात राहिले होते. नरसिंगच्या मनात वाटणी आली, असे तिला वाटले. घर एक, चूल एक, आणि हा म्हणतो माझे आणि त्याचे एका जागी राहणार नाही. तात्यारावला हे कळले तर तो आजच मधे भिंत घालील. तिने ठरवले की हे वाक्य या उंबऱ्याच्या आत न्यायचे नाही.

तात्याराव काट्यांची मोळी घेऊन पुढे आला.

"गेला का?"

"गेला. डबा ठेवलाय. उनात ठेवू नका म्हणला, चुलीपाशी ठेवू नका म्हणला. एकदाच दाबायचं, न्हाई घेतलं तर थांबायचं."

"आनखी काय म्हणला?"

"काय न्हाई." मग तिने सवयीप्रमाणे आपल्या पदरचे एक वाक्य घातले. "अण्णाला म्हणावं, जीवाला जप."

तात्यारावने मोळी खाली टाकली आणि हातातले काटे काढत बसला. "आसं म्हणला व्हय," तो म्हणाला.

पुढच्या पाळ्या चांगल्या गेल्या. बोळा धरायला आता कोणी लागत नव्हते, म्हणून भागाबाई सकाळीच गव्हाच्या खालच्या अंगाला दारे धरायला जाऊ लागली. तात्याराव एकटाच डब्याने वास द्यायचा, डबा लांब ठेवायचा आणि हँडल मारायचा. इंजिन ठणकून सुरू व्हायचे. पाण्याची पहिली जीभ पाटातून तिच्यापर्यंत यायची, तेव्हा ती फावड्याने माती ओढून एका वाफ्याचे तोंड उघडायची. गव्हाचा रंग बदलला. बाभळीवरच्या तारेला कोळ्याने जाळे केले.

मग थंडीची लाट आली. हरभऱ्याचे शेंडे एका रात्रीत काळे पडले. गावात लोक सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघत होती. त्यात तात्यारावची पाळी आली. गव्हाच्या ओंब्यांत नुकते दूध भरत होते आणि हे पाणी चुकले असते तर दाणा सुरकुतला असता.

त्याने वास दिला आणि हँडल मारले. इंजिनाने दाद दिली नाही. सांगितल्याप्रमाणे तो थांबला. पुन्हा दिला. एक धप्प झाले आणि संपले. डबा हलका लागत होता.

"तात्याकाका, दवा संपली का?" कठड्यावरून तिप्पण्णाचा थोरला म्हणाला. "आता नवस बोला."

"तुझ्या लग्नाचा बोलतो. ये इकडं, हँडल धर."

पोरगा हसत आला. तिप्पण्णाही घोंगडी सावरत मागे आला. माळाच्या कडेला आभाळ तांबडे झाले होते. तात्यारावने एकदा तिकडे पाहिले, एकदा गव्हाकडे. मग तो बाभळीपाशी गेला, जाळे पुसून तार काढली आणि बोळा घासलेटात बुडवला.

"दोन्ही एकदम?" तिप्पण्णाने विचारले.

"तापाला काढा बी देतो, गोळी बी देतो. दोन्हीनं तर उतरतोच."

"ते बी खरं."

बोळा पेटला. वारा पडला होता, त्यामुळे काळा धूर सरळ वर चढला.

भागाबाई खालच्या बांधावर कोरड्या पाटात उभी होती. तिने तो धूर पाहिला. इतक्या दिवसांत तिथून धूर निघाला नव्हता. तिला आधी एवढेच वाटले की आज इंजिन घेत नाही. मग तात्याराव एका हातात तार आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन वाकताना दिसला, आणि नरसिंगचे शब्द तिला पुन्हा ऐकू आले. माझी दवा आन् त्याचा बोळा. तो माणसांबद्दल बोलत नव्हता. दवेबद्दल बोलत होता आणि बोळ्याबद्दल बोलत होता.

तिने फावडे टाकले आणि पाटातून धावत सुटली. "बोळा!" ती ओरडली. "बोळा! बोळा!"

पुढचे शब्द धापेत अडकले. तात्यारावने वर पाहिले. बायको लांबून बोळा बोळा म्हणून विचारते आहे, असे त्याला वाटले. त्याने तार उंच करून पेटलेला बोळा तिला दाखवला. पेटवलाय म्हणून मान हलवली. मग तो इंजिनाच्या तोंडाशी नेला, पोराला "मार" म्हणाला आणि डबा दाबला.

फवारा इंजिनात पोचलाच नाही. तो हवेतच पेटला आणि आला तसा हाताकडे फिरला. निळसर जाळ आधी धड दिसलाही नाही. मग डबा फुटला. हँडल पोराच्या हातातून निसटले आणि तो मागे आपटला. तिप्पण्णाने अंगावरची घोंगडी काढून तात्यारावच्या तोंडावर आणि हातावर टाकली आणि स्वतः तिच्यावर पडला. "अय्यो, अय्यो" एवढेच तो म्हणत होता.

आणि इंजिन सुरू झाले. शिल्लक वेगाने म्हणा, बोळ्याच्या उबेने म्हणा, चाकाने फेरा पुरा केला आणि ते चालू लागले. बंद करायचे कोणाला सुचले नाही. भागाबाई पाटातून वर धावत येत होती आणि वरून पाणी खाली येत होते. तिच्या पायांना ते गार लागले. ती विहिरीवर पोचली तेव्हा पाणी गव्हात शिरले होते. दारे धरायला तिथे कोणी नव्हते, त्यामुळे ते एकाच वाफ्यात साचून बांध फोडून गेले.

हमरस्त्यावर एक ट्रक थांबवून त्याला बीदरच्या दवाखान्यात नेले. दारातल्या माणसाने घोंगडी बाजूला करून पाहिले आणि विचारले, "पिऊन चुलीत पडला का?"

"न्हाई," भागाबाई म्हणाली. "इंजनाला दवा देताना."

"इंजनाला दवा?" त्याने दुसऱ्या माणसाकडे पाहिले. "आणि ह्याला कोण देणार?" दोघे हसले. मग त्यांनी त्याला आत घेतले.

उजवा डोळा गेला. उजव्या हाताची बोटे भाजून एकमेकांना चिकटली. डॉक्टर म्हणाले, हात राहील, पण मूठ वळणार नाही. भागाबाई खाटेखाली फरशीवर झोपायची. दिवसा ती त्याला पेज पाजायची. सांगायचे एकच होते आणि त्याची सुरुवात तिला सापडत नव्हती.

नरसिंग आला तो कामावरच्या कपड्यांत. केसांत, भुवयांत धरणाची पांढरी धूळ होती. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. भावाच्या तोंडावरच्या पट्ट्या त्याने पाहिल्या, हातावरच्या पाहिल्या, आणि मग नजर भागाबाईकडे वळवली.

"तिप्पण्णा मामा म्हणतो, बोळा पेटवला हुता."

भागाबाई पेजेची वाटी हातात धरून बसली होती.

"वैनी, इचारा त्याला. बोळा जाळू नको म्हणून निरोप दिला हुता का न्हाई? म्या निघताना दिला हुता का न्हाई? इचारा."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकायचा थांबून ऐकू लागला. तात्यारावचा उघडा डोळा भागाबाईवर होता. त्याने फार वेळ पाहिले नाही. गोष्ट कळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच पाहिले.

"तिला कामून इचारतोस?" तो म्हणाला. पट्टीमुळे शब्द जाड येत होते. "मला इचार की."

नरसिंगने खाटेचा लोखंडी गज धरला.

"सांगितलं हुतं तिनं," तात्याराव म्हणाला. "समदं सांगितलं. म्याच आयकलं न्हाई."

"आयकलं न्हाईस," नरसिंग म्हणाला. "अण्णा, कधीतरी आयकायचं. आरं, कधीतरी कुणाचं तरी आयकायचं!" आणि तो खाली बसून रडू लागला. तात्यारावने डावा हात पुढे केला. तो नरसिंगच्या डोक्यापर्यंत पोचला नाही, खांद्यावर राहिला.

भागाबाई उठली आणि वाटी विसळायला बाहेर गेली. नळावर गर्दी होती. तिचा नंबर आला तरी ती मागच्या बायकांना पुढे सोडत राहिली.

नरसिंगने धरणाचे काम सोडले. इंजिन आता तोच बघू लागला. थंडी असली तर तो आधी गरम पाणी इंजिनावर सोडायचा, तिप्पण्णाच्या पोराला हाताशी घ्यायचा आणि नुसत्या हँडलवर ते सुरू करायचा. बोळा नाही, दवा नाही. तिप्पण्णाने उन्हाचा नियम आपण होऊन मोडला. "ऊन येऊ दे, काय बी होऊ दे, पाणी पायजे तवा घ्या," तो म्हणाला. तात्यारावला ते आवडले नाही, पण त्याने घेतले. दोघे भाऊ ओसरीवर बसून बियाण्याचे, बांधाचे, बाजाराचे बोलायचे. सरळ बोलायचे. कधी चढ्या आवाजात बोलायचे आणि तिथेच संपवायचे. वाड्यातल्या बायका भागाबाईला म्हणाल्या, "वाईटातून चांगलं झालं बघ." ती व्हय म्हणायची.

गहू निम्मा हाती लागला. खालच्या वाफ्यांत दाणा भरला नव्हता. काढणीच्या वेळी नरसिंग भारे घेऊन खळ्याकडे गेला होता आणि रानात नवरा-बायको दोघेच होते. भागाबाई विळ्याने कापत पुढे सरकत होती. तात्याराव मागून डाव्या हाताने पेंढ्या गोळा करत होता. उजवा हात त्याने सदऱ्यात घातला होता. उन्हात कातडीची आग व्हायची.

ती कापता कापता थांबली. मागे वळली नाही.

"तवा बोळ्याचं म्या तुमाला सांगितलं न्हवतं."

"ठावं हाय."

"नरसूनं सांगितलं हुतं मला. त्यात त्यानं बैलांचं काढलं, तुमाला लागंल आसं बोलला. वाटणीचं बोलतोय आसं मला वाटलं. म्हणून म्या सगळंच गाळलं."

तात्याराव पेंढी जुळवत राहिला.

"मग दवाखान्यात खोटं कामून बोललात?" तिने विचारले.

"काय बोलायचं हुतं? तो तुला बोलला असता. जन्मभर बोलला असता." त्याने पेंढी पायाखाली दाबली. "आन् तू सांगितलं असतंस तरी म्या आयकलं नसतं. त्याचं बोलणं हाय म्हणून मुद्दाम दोन बोळे जाळले असते. तू मनाला लावून घेऊ नको."

वारा नव्हता. कापलेल्या ओळींतून फुफाटा वर येत होता. भागाबाई आता त्याच्याकडे वळली. विळा तिने मांडीवर ठेवला होता.

"खरं सांगा."

"खरंच सांगायलोय."

"खरं सांगा," ती म्हणाली. "आयकलं नसतं?"

त्याने एका डोळ्याने तिच्याकडे पाहिले, मग खळ्याकडे. नरसिंग भारा टाकून परत निघाला होता. अजून बराच लांब होता.

"आयकलं असतं," तात्याराव म्हणाला.

तिने मान हलवली. विळा उचलला आणि ती पुढच्या ओळीला बसली.